कॉटर पिन

आवाज आधी इलाहीनं ऐकला, मी नाही.
माझे कान चौतीस वर्षं
साखर पेठेतल्या पत्र्याखाली खटाखट खाऊन
कधीच भरून गेलेत.
कन्ना चौकात हवा भरायला थांबलो होतो.
त्यानं पायडल हातानं फिरवलं, मान कलती केली,
"जॉबरसाब, टक् म्हणतंय. डावीकडं."
ठाऊक आहे, म्हटलं. टाचेला ठाऊक आहे.
दर फेऱ्याला एकदा, पाय खाली जाताना,
तळव्यावर कुणी टिचकी मारल्यासारखं.

कारखान्याच्या पहिल्या चांगल्या बोनसात घेतलेली ही,
वाकड्या हँडलची, पिवळी.
आता पिवळी फक्त सीटच्या क्लॅम्पखाली, बोटभर,
जिथं सोलापूरचं ऊन पोचलं नाही.
अक्कलकोटच्या शर्यतीत अकरावा आलो होतो.
पुढचे दहा जण नावानिशी आठवतात,
मागचा एकही नाही.

इलाही रॉकेलच्या थाळीत सामान सोडत गेला.
ॲक्सलला खड्डे, ज्वारीच्या दाण्याएवढे.
बॉल एकवीस.
बाविसावा कुठल्या साली, कुठल्या रस्त्यावर
चुरा झाला, कोण सांगणार.
मागचे ब्रेक-रबर पापडासारखे. पुढचे जवळजवळ कोरे.
"पुढचा दाबतच नव्हता काय?"
एकदाच दाबला होता, विजापूर वेशीत.
हँडलावरून मी, माझ्यावरून डबा,
शेंगाचटणी सगळी डांबरावर.
तेव्हापासून मागच्यावरच संसार.

"चेन नवी टाकू. पण मग फ्रीव्हीलही नवं.
दात बघा की, कसे एकीकडं झुकलेत.
जुन्या दातावर नवी चेन बसत नाही.
जोर लावला की निसटते."

हे त्यानं मला सांगायचं?
पिकर बदलला आणि धोटा तसाच ठेवला
तर तो उडून कुणाच्या बरगडीत शिरतो,
हे मीच पोरांना शिकवलेलं.
मग बिनधोट्याचे माग आले,
पडद्यावर आकडे दाखवणारे.
मालक वाईट काही बोलले नाहीत.
खुर्ची दिली, चहा दिला.
दोन महिने उभा राहिलो त्या मागांशेजारी.
जोर लावला की निसटत होतो.

साडेनऊची पिन कुठंच नाही.
मंगळवार बाजारात एका बरणीत दहाच्या मिळाल्या.
"घासावी लागेल."
कानस इकडं दे, म्हणालो.
मेणबत्तीची काजळी धरायची पिनेवर,
बसवायची, काढायची,
काजळी जिथं पुसली तिथंच घासायचं, केसभर.
पुन्हा काजळी.
पाऊण तास. बोटांना अजून येतंय.
इलाहीनं तोवर दोन पंक्चर काढले,
आणि मजुरी पुरी घेतली:
"हात तुमचे, पण कानस माझी."

जुनं सामान भंगाराच्या डब्यात गेलं.
जुनी पिन तेवढी मी उचलली,
खिशात टाकली, परत काढली.
खिसा फाडला असता, राजव्वा ओरडली असती.

निघालो. खाली काही नाही.
लोण्यावरून सुरी फिरावी तसे पाय,
आणि टाच आपली वाट बघतेय.
तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी
चौक, पाट्या, दुकानं काहीच बघत नव्हतो.
कारखान्याचं गेट ते विडी घरकुल:
सहाशे बारा टक्.
पाचशे नव्वदला भजीचा वास, सहाशेला कुत्रं,
मग आपली गल्ली.

आज आकडाच लागेना.
गल्ली मागं राहिली, घरकुल मागं राहिलं,
मी हैदराबाद रोडवर, ट्रकांच्या धुळीत,
चांगला मैलभर पुढं.

वळताना सवयीनं मागचा ब्रेक दाबला.
मग इकडंतिकडं बघून
पुढचाही.
जरासा.